तक्रारीनंतर काढला जाणारा वचपा

लैंगिक छळाची तक्रार केली म्हणून कामावरून कमी करत आहोत, असं कुठल्याही पत्रात लिहिलेलं नसतं. पत्रात असतं की प्रोजेक्ट संपला, कामगिरी अपेक्षेइतकी नव्हती, विभागाची फेररचना झाली, किंवा ‘व्यावसायिक गरज लक्षात घेता आपली बदली करण्यात येत आहे’. मूळ छळ निदान छळ म्हणून ओळखू तरी येतो. वचपा लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी आणि आदरार्थी बहुवचनात येतो, म्हणून तो पकडायला जास्त अवघड.

पुण्यात तो कसा दिसतो ते आधी बघू. समजा, हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एका मुलीने टीम लीडविरुद्ध अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी कंपनीतच नेमलेल्या समितीकडे, तक्रार दिली. पहिल्या आठवड्यात एचआरमधली बाई अगदी मायेने बोलते. ‘तुला त्याचं तोंड बघावं लागू नये म्हणून आपण तुला या प्रोजेक्टमधून रिलीज करतोय, तुझ्यासाठीच.’ मुलगी बेंचवर येते, म्हणजे पगार चालू पण हातात प्रोजेक्ट नाही. बेंचवरच्या माणसाचं बिलिंग शून्य, आणि नव्या प्रोजेक्टच्या मुलाखतीत मॅनेजरला आधीच कुजबुज कळलेली असते, त्यामुळे ‘प्रोफाइल मॅच होत नाही’. काही महिन्यांनी अप्रायझल. तीन वर्षं चांगलं असलेलं रेटिंग खाली येतं, कारण दाखवायला काम कुठे आहे? मग पीआयपी लागतो, म्हणजे ‘सुधारणेसाठी’ आखून दिलेली मुदत. मुदत संपते त्या दिवशी एका छोट्या मीटिंग रूममध्ये दोन पर्याय समोर ठेवले जातात: आत्ता राजीनामा टाइप कर, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर टर्मिनेशन, मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये काय येईल ते तुझं तू बघ. या सगळ्या काळात टीम लीड त्याच क्लायंटच्या कॉलवर आहे. यातली एकेक पायरी सुटी काढून बघितली तर प्रत्येकीला कारण आहे. ओळीने लावल्या की कळतं पहिल्या पायरीने पुढच्या सगळ्या जन्माला घातल्या.

चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत एवढी कागदपत्रं लागत नाहीत. तिथे बऱ्याच मुली ठेकेदारामार्फत किंवा शिकाऊ म्हणून लागलेल्या असतात, मराठवाड्या-विदर्भातून येऊन चार-पाच जणी मिळून एका खोलीत राहतात. सुपरवायझरविरुद्ध बोललं की ओव्हरटाइम बंद होतो, बसून करायचं काम जाऊन उभ्याचं येतं, शिफ्ट अशी लागते की कंपनीची बस मिळत नाही. आणि मग एक दिवस गेटवर कळतं की पास चालत नाहीये. कंपनी म्हणते ती आमची कामगारच नव्हती, ठेकेदार म्हणतो कंपनीकडून मागणीच कमी झाली. पीएचडी करणाऱ्या मुलीच्या बाबतीत गाइडची सही अडते आणि सहामाही अहवालावर शेरा पडतो. चार माणसांच्या दवाखान्यात किंवा क्लासमध्ये मालकच छळणारा असेल तर वचप्याला एका वाक्याहून जास्त काही लागत नाही.

वचपा काढणारा माणूस बरेचदा तो नसतोच, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. त्याला वकिलाने गप्प बसायला सांगितलेलं असतं. कारवाई येते ती त्याच्या वरच्या मॅनेजरकडून, ज्याचा चांगला माणूस चौकशीत अडकला. ती डिलिव्हरी हेडकडून येते, ज्याला क्लायंटसमोर खुलासा द्यावा लागला. कँटीनमध्ये टेबल बदलणाऱ्या मैत्रिणींकडूनही येते. त्या बिचाऱ्यांना उद्या आपलं नाव साक्षीदार म्हणून येईल एवढीच भीती असते, पण एकटं पाडण्याचं काम त्या भीतीने होतंच. यांतल्या कित्येकांना आपण सूड घेतोय असं वाटतही नसतं. ‘टीमचं वातावरण बिघडू नये’ हे त्यांचं प्रामाणिक कारण असतं. म्हणून ‘त्यांचा हेतू वाईट होता’ हे सिद्ध करण्यापेक्षा ‘तक्रारीनंतर तिचं काय काय बदललं’ हे दाखवणं सोपंही असतं आणि उपयोगाचंही.

आता कायदा काय म्हणतो? इथे जरा मागे जावं लागेल.

१९९२ साली राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या. बालविवाह रोखणं हा त्यांच्या कामाचा भाग. एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न त्यांनी केला आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी जो निकाल दिला, तो विशाखा निकाल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा आपला सगळा कायदा सूडाच्याच एका प्रकरणातून निघालाय, आणि विशाखा निकालात याची जाणीव दिसते. तक्रारदार आणि साक्षीदार यांना त्रास दिला जाणार नाही, त्यांच्याबाबत भेदभाव होणार नाही, हे बघण्याची जबाबदारी त्यात मालकावर टाकलेली आहे. स्वतःची किंवा त्या माणसाची बदली मागण्याचा पर्याय बाईला असावा, हेही त्यात आहे.

पुढचा दुवा पुण्याचा. विशाखा निकाल आला, पण समित्या बनेनात. पुण्याच्या ‘आलोचना’ या स्त्री-अभ्यास केंद्राच्या मेधा कोटवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, काही प्रकरणं मांडली आणि मार्गदर्शक तत्त्वं कागदावरच राहिली आहेत हे दाखवून दिलं. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली. तिच्यावर १९ ऑक्टोबर २०१२ रोजी अंतिम निकाल आला. दोषी ठरलेल्या माणसाच्या हाताखाली किंवा त्याच्यासोबत काम करण्याची सक्ती तक्रारदार बाईवर होता कामा नये, शक्य असेल तिथे बदली त्याची करावी, आणि तक्रारदार किंवा साक्षीदारांना धमकावणं, छळणं याबद्दल कडक शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असं त्यात म्हटलंय.

इतकं सगळं झाल्यावर २०१३ चा कायदा आला, ज्याला सगळे पॉश म्हणतात. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. या कायद्यात तक्रारीनंतर काढल्या जाणाऱ्या वचप्यासाठी वेगळं कलम नाही. ‘तक्रार केली म्हणून कोणी त्रास दिला तर अमुक शिक्षा’ असं सरळ वाक्य सापडत नाही. मला ही या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते, कारण बायका तक्रार करायला कचरतात त्या बहुतेक वेळा चौकशीला घाबरून नाही, चौकशीनंतरच्या वर्षाला घाबरून.

पण वेगळं कलम नाही म्हणजे संरक्षण नाही, असं समजू नका. ते तुकड्यातुकड्यांत आहे आणि तुकडे आपल्यालाच जोडावे लागतात.

पहिला तुकडा कलम ३ मधला. लैंगिक छळाच्या कृतीशी जोडून नोकरीत नुकसान करण्याची धमकी दिली, आत्ताच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दल भीती घातली, कामात अडथळे आणले, दहशतीचं किंवा अपमानाचं वातावरण तयार केलं, आरोग्याला धोका होईल अशी मानहानी केली, तर तेही लैंगिक छळात धरलं जाऊ शकतं. ‘जोडून’ हा शब्द इथे कळीचा. म्हणजे ‘माझी शिफ्ट बदलली’ एवढं लिहून भागत नाही. ‘अमुक तारखेला मी तक्रार दिली, तमुक तारखेला तक्रारीचा उल्लेख करून मला असं म्हटलं गेलं, आणि त्यानंतर माझी शिफ्ट बदलली’ असं लिहिलं की ते समितीच्या कक्षेत आणता येतं.

दुसरा तुकडा कलम १२, आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा. चौकशी चालू असताना बाईने लेखी मागणी केली तर समिती मालकाला शिफारस करू शकते की तिची किंवा त्या माणसाची बदली करा, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा द्या. ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. या कायद्याखाली केलेल्या नियमांतला नियम ८ आणखी पुढे जातो: त्या माणसाला तिच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून, तिचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून रोखता येतं आणि ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतं. शिक्षणसंस्थेत असेल तर तिच्या शैक्षणिक कामावरची त्याची देखरेख काढून घेता येते. वरच्या हिंजवडीच्या उदाहरणातल्या मुलीने तक्रारीसोबतच ही मागणी लिहून दिली असती तर रेटिंगचा प्रश्न पुष्कळ अंशी तिथेच अडवता आला असता. तक्रारीच्या शेवटी दोन ओळी पुरतात: ‘कलम १२ आणि नियम ८ खाली माझी मागणी आहे की चौकशी पूर्ण होईपर्यंत माझं मूल्यमापन अमुक यांनी किंवा त्यांना रिपोर्ट करणाऱ्या कोणीही करू नये.’ नियम फक्त त्या माणसापुरता बोलतो, पण मागणी थोडी रुंद करायला हरकत नाही. समिती फार तर नाही म्हणेल, आणि ते नाही लेखी राहील.

याच कलमाचा उलटा वापर कसा होतो, तेही सांगायला हवं. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून बाईलाच हलवणं ही कंपन्यांची लाडकी युक्ती. कलम १२ खालची बदली तिच्या लेखी मागणीवरून होते. तिने मागितलेली नसताना तिला खराडीहून तळवड्याला पाठवलं आणि वर ‘पॉशनुसार’ असं म्हटलं, तर ते पॉशनुसार नाही. त्याच दिवशी मेलवर कळवावं की ही बदली माझ्या मागणीवरून झालेली नाही आणि मला ती मान्य नाही. त्या मेलमध्ये राग, वाद, इतिहास काही नको. फक्त तारीख आणि नकार.

बाकीचे तुकडे पटकन सांगतो. कामाचं ठिकाण सुरक्षित ठेवणं आणि बाईला पोलिसात जायचं असेल तर मदत करणं ही कलम १९ प्रमाणे मालकाची कर्तव्यं आहेत. ‘पोलिसात गेलीस तर आतली चौकशी थांबेल’ असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळासाठी आहे आणि दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात. कायदा मोडल्याबद्दल मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या शहरात एखाद्या टीमच्या लोणावळ्याच्या ऑफसाइटला याहून जास्त खर्च होतो, त्यामुळे दंडाच्या भीतीवर फार विसंबू नये. तोच गुन्हा पुन्हा झाला तर दंड दुप्पट आणि परवाना रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

कोर्टं वचप्याकडे कशी बघतात हे कळायला पंजाब अँड सिंध बँकेचं प्रकरण चांगलं आहे. इंदूरच्या शाखेत एक महिला मुख्य व्यवस्थापक होती, चौथ्या श्रेणीची अधिकारी (बँकेत श्रेणीचा आकडा जितका मोठा तितकं पद वरचं). शाखेतल्या, त्यातही दारूच्या ठेकेदारांच्या खात्यांमधल्या गैरप्रकारांबद्दल तिने वर अहवाल पाठवले होते आणि एका वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाचाही तिचा आरोप होता. तिची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसावा शाखेत झाली, जिथे पहिल्या श्रेणीचा अधिकारी पुरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बदली हा नोकरीचा भाग आहे, कर्मचाऱ्याला हवी ती जागा मागता येत नाही आणि कोर्ट सहसा त्यात पडत नाही. पण इथे त्या बाईला अहवाल दिल्याबद्दल शिक्षा झाली आहे हे उघड दिसतं, म्हणून बदली रद्द. तिला निदान एक वर्ष इंदूरच्या शाखेतच चौथ्या श्रेणीची अधिकारी म्हणून ठेवा, असा आदेश झाला. याच निकालात आणखी एक गोष्ट निघाली. समितीवरचा ‘बाहेरचा’ सदस्य बँकेच्याच पॅनेलवरचा वकील होता. बाहेरचा सदस्य खरोखर बाहेरचा असला पाहिजे, असं न्यायालयाने बजावलं. तुमच्या कंपनीच्या समितीत बाहेरून कोण आहे आणि ती व्यक्ती कंपनीची दुसरी कुठली कामं करते का, हे तक्रार देण्याआधी विचारून घ्यायला काहीच हरकत नाही.

इथे कोर्टाने कोणाच्या मनात डोकावून बघितलं नाही. चौथ्या श्रेणीचा माणूस पहिल्या श्रेणीच्या खुर्चीत का बसवला, या साध्या प्रश्नाला बँकेकडे उत्तर नव्हतं. पुरावा गोळा करताना असाच प्रश्न शोधायचा असतो. निर्णय घेणाऱ्याला तक्रारीची माहिती होती का? तक्रार आणि निर्णय यांत किती दिवस गेले? तिच्याबरोबरच्या, तेवढ्याच अनुभवाच्या, तक्रार न केलेल्या माणसाला तेव्हा काय मिळालं? आणि कंपनीने स्वतःचेच नियम पाळले का? हा शेवटचा प्रश्न विशेष कामाचा. कंपनीच्या धोरणात पीआयपीआधी लेखी इशारा देण्याची पायरी असेल आणि हिच्याच बाबतीत ती गाळली असेल, तर ती गाळलेली पायरी बरंच काही सांगते.

न्यायाने हेही म्हटलं पाहिजे की तक्रारीनंतर घडलेली प्रत्येक वाईट गोष्ट वचपा नसते. अख्खं खातं बंद झालं आणि चाळीस जण बेंचवर आले, त्यात तक्रारदारही असेल, तर तिच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. तक्रारीच्या वर्षभर आधीपासून रेटिंग घसरत आलेलं असेल तरी बाजू अवघड होते. म्हणूनच तक्रारीच्या आधीचे कागद नंतरच्या कागदांइतकेच महत्त्वाचे. जुनी अप्रायझल पत्रं, क्लायंटचे कौतुकाचे मेल, पगारवाढीची पत्रं, हे तक्रार देण्याआधी जमवून ठेवा. नंतर लॅपटॉप कधी परत मागतील सांगता येत नाही.

मात्र इथे एका खड्ड्यात अनेक जणी पडतात. घाबरून ऑफिसचे सगळे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवले जातात, त्यात क्लायंटची माहिती जाते, आणि कंपनीच्या हातात आयतं कारण पडतं: डेटा धोरणाचा भंग, तडकाफडकी टर्मिनेशन. मग चर्चा छळाची राहत नाही, डेटा चोरीची होते. स्वतःच्या नावाने आलेली पत्रं, पगाराच्या स्लिप, रेटिंग, शिफ्टचं वेळापत्रक, समितीशी झालेला पत्रव्यवहार एवढंच ठेवा. बाकीचं फक्त तारीख, वेळ आणि विषय लिहून वहीत टिपून ठेवा. चौकशीच्या वेळी समितीला कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, तेव्हा ‘अमुक तारखेचा मेल मागवा’ असं सांगता येतं. तोंडी आदेशांसाठी एक सवय लावून घ्यावी: संध्याकाळी दोन ओळींचा मेल. ‘आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे मी उद्यापासून अमुक टीमच्या कॉलवर नसेन. काही चुकत असल्यास कळवावे.’ उत्तर आलं तर कागद झाला, नाही आलं तरी झाला.

मुदतीचं गणित मात्र निर्दय आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, आणि समितीला कारण पटलं तर ती लेखी नोंद करून आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे नाही. पुष्कळ जणींना वाटतं की नंतर काढलेला वचपा हीसुद्धा शेवटची घटनाच, मग घड्याळ तिथून सुरू होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका कायदा विद्यापीठाच्या प्रकरणात ही वाट बरीच अरुंद केली. एका प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्ध तक्रार होती. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली, तक्रार त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली. मधल्या काळात तिला एका केंद्राच्या संचालकपदावरून काढलं गेलं होतं. हे काढणं आधीच्या छळाचाच पुढचा भाग आहे, हा मुद्दा न्यायालयाने मानला नाही आणि तक्रार मुदतीबाहेरची ठरली. त्याच निकालात न्यायालयाने असाही आदेश दिला की हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग राहील. पण त्याने प्राध्यापिकेची चौकशी काही उघडली नाही. यातून व्यवहाराची गोष्ट एवढीच की वचपा सुरू होईपर्यंत थांबू नये. मूळ छळाची तक्रार मुदतीत द्यावी, आणि वचप्याची प्रत्येक घटना वेगळ्या अर्जाने, घडली त्या आठवड्यातच, आधीच्या तक्रारीचा संदर्भ देऊन समितीसमोर ठेवावी.

कलम १४ बद्दल बायकांना हमखास घाबरवलं जातं. ‘सिद्ध नाही झालं तर खोट्या तक्रारीची कारवाई होईल.’ कायद्यात अगदी उलट लिहिलंय. तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा नव्हता, एवढ्याने कारवाई होत नाही. तक्रार दुष्ट हेतूने किंवा खोटी आहे हे माहीत असताना केली, हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. हे वाक्य तुम्हाला कोणी समितीच्या बैठकीत ऐकवलं तर ते इतिवृत्तात नोंदवायला सांगा. बहुतेक वेळा ते मागे घेतलं जातं. गुप्ततेचंही तसंच. कलम १६ प्रकरण लोकांत, वर्तमानपत्रांत, माध्यमांत आणायला मनाई करतं. वकिलाला, पोलिसांना, डॉक्टरला सांगायला ते आडवं येत नाही.

आता राजीनाम्याकडे. त्या छोट्या मीटिंग रूममध्ये निर्णय घेऊ नका. ‘मला घरी विचारायचं आहे, उद्या सांगते’ हे वाक्य म्हणायला कायद्याची गरज नाही. आणि थकून, विचार करून खरंच सोडायचं ठरवलं, आणि तसं ठरवण्यात कमीपणा काही नाही, तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नका. ‘अमुक तारखेच्या तक्रारीनंतर निर्माण झालेल्या परिस्थितीमुळे’ एवढं तरी लिहा. ‘वैयक्तिक कारण’ या दोन शब्दांनी पुढची बहुतेक दारं आपण स्वतःच लावून घेतो. नोकरी सोडली म्हणून समितीपुढची चौकशी संपत नाही, हेही लक्षात असू द्या.

नोकरीच गेली तर समितीच्या पलीकडे बघावं लागतं. कामगार कायद्यांत अनुचित प्रथांची एक यादी आहे. डूख धरून कामावरून काढणं आणि व्यवस्थापनाच्या धोरणाच्या आडून आकसाने बदली करणं, या दोन्ही गोष्टी त्या यादीत फार पूर्वीपासून आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही त्या आहेत. अडचण ‘कामगार’ कोणाला म्हणायचं याची. व्यवस्थापकीय काम करणारे आणि १८ हजारांहून जास्त पगाराचे पर्यवेक्षक त्यातून बाहेर पडतात. पदाच्या नावावरून हे ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. ‘असिस्टंट मॅनेजर’ असं कार्ड असलेली आणि दिवसभर कोड लिहिणारी मुलगी तांत्रिक काम करणारी कामगार ठरू शकते, हे आयटीतल्या कित्येक जणांना माहीत नसतं. जी खरोखर व्यवस्थापक आहे तिची वाट खडतर. खासगी कंपनीला ‘हिला परत घ्या’ असं दिवाणी कोर्ट सहसा सांगत नाही, नुकसानभरपाईवर भागवावं लागतं. वरच्या बँकेच्या प्रकरणात जे झालं ते बँक सरकारी होती म्हणून तितक्या सरळ झालं.

दहापेक्षा कमी माणसांच्या जागी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी करावी. ठेकेदारामार्फत लागलेली, शिकाऊ, रोजंदारीवरची, सगळ्याच या कायद्याच्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसतात, मुख्य कंपनीला तिचं नावही ठाऊक नसलं तरी. चाकणच्या गेटवर ‘ती आमची नाही’ हे उत्तर म्हणूनच चालत नाही. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार करता येते. ती तिथून संबंधित समितीकडेच जाते, पण तक्रार दिल्याची बाहेरची नोंद राहते, आणि गेटपास बंद झालेल्या मुलीला तेवढी नोंदसुद्धा मोठी असते. समितीच्या शिफारशींवर किंवा त्या अमलात न आल्याबद्दल ९० दिवसांत अपील करता येतं.

सगळ्यात उघडे पडतात साक्षीदार. तक्रारदाराला निदान कलम १२ आहे. ‘हो, मी ऐकलं’ एवढंच बोललेल्या सहकाऱ्याला २०१३ च्या कायद्यात स्वतःचं असं काहीच नाही, त्याच्यासाठी आधार विशाखा आणि २०१२ च्या निकालांचा. साक्षीदार पुरुष असेल तर आणखीच पंचाईत, कारण या कायद्याखाली तक्रार फक्त बाईला करता येते. साक्ष देणाऱ्याने ती देतानाच समितीला लेखी सांगावं की माझी आजची टीम, शिफ्ट आणि मॅनेजर हे आहेत, आणि यात साक्षीमुळे बदल झाल्यास मी समितीकडे येईन.

आणि समितीवर बसणाऱ्यांसाठी, विशेषतः बाहेरून येणाऱ्या सदस्यांसाठी. पुण्यात वकील आणि संस्थांमधले कार्यकर्ते मिळून अशी खूप माणसं आहेत. १४ जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि ९० दिवसांहून जास्त किती रखडल्या हे सांगावं लागतं. तक्रार करणारी अजून नोकरीत आहे का, हा रकाना त्यात नाही. पण चौकशी अहवालाच्या शेवटी ‘तक्रारदार आणि साक्षीदार यांचं पद, रेटिंग, बदली याचा आढावा तीन, सहा आणि बारा महिन्यांनी समितीपुढे ठेवावा’ अशी शिफारस लिहायला समितीला कोणी अडवलेलं नाही. बाहेरच्या सदस्याचं मानधन कंपनीच देते हे खरं. तरी त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी जिचं अप्रायझल कंपनीच्या हातात नाही अशी ती एकटीच असते, आणि ही ओळ अहवालात घालायचा आग्रह तिलाच धरता येतो.